भुरकीटोल्याची टिकली

मित्रांनो, आधी एक सांगा. तुमच्यापैकी किती जणांना नकाशाची घडी नीट घालता येते? राहू द्या, हात वर करू नका. इतक्या वर्षांत मला असा एकही माणूस भेटला नाही, ज्याने मला उघडलं आणि पुन्हा होतो तसं मिटवून ठेवलं. उघडताना सगळ्यांना घाई असते आणि मिटवताना सगळ्यांना कंटाळा येतो. त्यामुळे माझ्या अंगावर ज्या सुरकुत्या आहेत त्यातल्या निम्म्या घड्यांच्या आहेत आणि निम्म्या वैतागाच्या.

मी एक जुना कापडी नकाशा आहे. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा व्हायच्या आधीचा, म्हणजे दोघे भाऊ एकाच घरात नांदत होते तेव्हाचा. वर नागभीड-कुरखेडा आणि खाली पार सिरोंचा, एवढी माझी उंची. खिळा जरा खाली ठोकला की सिरोंचा जमिनीवर लोळतो आणि येणारा-जाणारा त्याच्यावर पाय देतो. सिरोंच्याच्या लोकांना हे कळलं तर ते काय म्हणतील, याचा विचार कोणी करत नाही.

छापखान्यातून मी निघालो तो नुसता कागद होतो. चंद्रपूरच्या अयूबभाई जिल्दवाल्यांनी मला पाण्याने भिजवलं, खळ लावली आणि मांजरपाटाच्या जाड कापडावर चिकटवलं. हाताच्या तळव्याने बुडबुडे काढताना त्यांनी एकही नदी चुरगळू दिली नाही. वाळल्यावर मला उन्हात धरून ते म्हणाले, ‘‘अब फाडके दिखाओ इसको.’’ माझं एवढं कौतुक पुन्हा फारसं कोणी केलं नाही, म्हणून ते मला अजून आठवतं.

मग मी चंद्रपुरातल्याच एका आरोग्य कार्यालयाच्या भिंतीवर गेलो. जिल्हे वेगळे झाले तेव्हा कोणीतरी निळ्या शाईने माझ्यावर नवी हद्द ओढली. हद्द बरीचशी वैनगंगेवरूनच जाते आणि वैनगंगा आधीच निळी होती. निळ्यावर निळं! आता नदी कुठली आणि हद्द कुठली, हे मलाच कळत नाही, तर बाकीच्यांना काय कळणार? तरी ते दिवस चांगले होते. हिवतापाची फवारणी कुठे करायची, पुरात कुठल्या गावाची वाट तुटली, कुठल्या पाड्यावर लस पोहोचली नाही, हे सगळं माझ्यासमोर उभं राहून ठरायचं. मोठे साहेब यायचे, माझ्यावर छडी ठेवायचे आणि म्हणायचे, असा नकाशा आता मिळत नाही.

पुढे कंप्युटर आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिथून मला कधी प्रिंटरवर झाकण म्हणून काढलं, कधी सांडलेला चहा पुसायला. अहेरीच्या घडीत पालीने अंडी घातली. बल्लारपुराजवळ चहाचा गोल डाग पडला, तो लोकांना तलाव वाटतो. मी काही बोललो नाही. नकाशाला तोंड नसतं, फक्त अंग असतं.

मग कनीज मॅडम आल्या. त्या घुग्घुसच्या. रोज मोटारसायकलवरून येत आणि आल्या की आधी ओढणी झटकत, कोळशाची धूळ माझ्यावर उडे. त्या प्रयोगशाळेतल्या. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवून पोटातल्या जंतांची अंडी मोजणं हे त्यांचं काम. दोन्ही जिल्ह्यांत कुठल्या भागात जंतांचा धोका किती आहे, याचा नकाशा तयार करायचा असं वरून ठरलं होतं. प्रत्येक गावात तपासणी करणं शक्य नव्हतं. म्हणून काही गावं निवडायची, तिथल्या शाळेतल्या मुलांची शी तपासायची आणि उरलेल्या गावांचा अंदाज कंप्युटरने बांधायचा. पाऊस किती, माती कसली, शेजारची गावं कशी, हे पाहून तो आपल्या मनाने रंग भरतो. जिथे रंग लाल, तिथे पावसाळ्याआधी गोळ्यांची गाडी जाणार आणि शाळेतल्या मुलांनाच नव्हे, घरोघरी मोठ्या माणसांनाही जंताची गोळी देणार.

हे मोठ्या माणसांचं महत्त्वाचं आहे, मित्रांनो. एका जातीचा जंत चिखलात अळीच्या रूपात दबा धरून असतो. अनवाणी पाय पडला की कातडीतून आत शिरतो, आतड्याला जाऊन चिकटतो आणि रक्त पीत बसतो. आता आरमोरीकडच्या बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलभरल्या शेतात, रोवणा म्हणजे लावणी करणाऱ्या बायकांचे पाय कुठे असतात, ते तुम्हीच सांगा. शाळा सुटलेल्या पोरीला शाळेतली गोळी मिळत नाही आणि बांधीतला चिखल मात्र मिळतो.

गावोगावी दाखवायला आणि एका नजरेत सगळं दिसायला कनीज मॅडमना भिंतीवरचा नकाशा हवा होता. मला कपाटावरून काढलं, पालीची अंडी झटकली आणि पुन्हा भिंतीवर टांगलं. मी किती खूश झालो म्हणून सांगू! लाल, पिवळ्या आणि हिरव्या पिना वरून येणार होत्या. त्या आल्या नाहीत. पुन्हा मागवल्या, तेव्हा कागदाला टोचायच्या टाचण्या आल्या. तेव्हा रंभाबाई म्हणाल्या, ‘‘अवो मॅडम, पिना कायले पायजे? माह्याकडं टिकल्या हायेत ना!’’

रंभाबाई म्हणजे इथल्या आरोग्य सेविका. आवाज मोठा, चाल त्याहून मोठी. त्यांनी फिरतीवर असताना आरमोरीच्या बाजारातून लाल, पिवळ्या, हिरव्या टिकल्यांची पाकिटं आणली आणि माझ्या कपाळाची नव्हे, सगळ्या अंगाचीच सवाष्ण करून टाकली. जास्त जंत तिथे लाल, मध्यम तिथे पिवळी, कमी तिथे हिरवी. तसं पाहिलं तर युक्ती चांगली होती. पण टिकली ही चीज बायकांच्या हातात कशी वागते, याचा विचार मी तरी कुठे केला होता?

थंडीत मला गुंडाळून प्रफुलच्या मोटारसायकलला बांधलं आणि भुरकीटोल्याला नेलं. प्रफुल कार्यालयात कंप्युटरवर बसतो. मला बांधताना त्याने अशी दोरी आवळली की माझ्यावरचं मूल गाव आणि चामोर्शी गाव एकमेकांवर चढली. भुरकीटोला आरमोरीच्या बाजूचं छोटं गाव, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या आणि पलीकडे जंगल. समाजमंदिरात कनीज मॅडमनी खिडकीशी सूक्ष्मदर्शक मांडला. शाळेतली पोरं डब्या घेऊन आली. एकाने तर लाजून बकरीच्याच लेंड्या आणल्या होत्या. मॅडम काचेतून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘बेटा, ही डबी ज्याची आहे त्याला गोळी दिली तर तो बें बें करेल.’’ साऱ्या मंदिरात हशा झाला. पण दुपारपर्यंत त्यांचं हसू गेलं. ‘‘रंभाबाई, हे पाहा. जी काच लावते ती भरलेली. अख्खं गाव लाल आहे.’’

रंभाबाईंनी पाकीट उघडलं तर लाल टिकल्या संपल्या होत्या. तेवढ्यात दारात उभी असलेली एक मुलगी पुढे आली. रीता तिचं नाव, मुखरूभाऊंची लेक. शाळा सुटून घरच्या शेतात जाऊ लागलेली. तिने आधी माझ्यावर वाकून वाकून आपलं गाव शोधलं. माझ्यावर ते नाव मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं आहे. ते सापडल्यावर ती केवढ्याने ओरडली, ‘‘बाबा, आपलं गाव हाये इथी!’’ आणि मग स्वतःच्या कपाळावरची लाल, खड्याची, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतून घेतलेली टिकली काढून तिने भुरकीटोल्यावर लावली. माझ्या सगळ्या अंगावर तेवढी एकच टिकली चमकत होती.

रंभाबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरी फटक. ‘‘काऊन वो पोरी, दम लागते का?’’

‘‘लागते ना. बांधावर चढली का छाती धडधडते. अन माती खावा वाटते.’’

‘‘चपला घालत जा बाई, चिखलात जाताना,’’ कनीज मॅडम म्हणाल्या.

‘‘बांधीत चप्पल घालून उतरून दाखवा ना मॅडम. एक पाय निंगन, चप्पल आतच राहीन.’’

रंभाबाईंनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि तिच्या हातावर हात मारला. ‘‘रोवण्याच्या आधी जंताच्या गोळीची गाडी येईन. मी सोता येईन त्या गाडीत. हे माही जबान हाये.’’

मी तिथेच होतो. मी ऐकलं आहे.

आता पुढचं सांगताना माझ्या अंगाची आग होते. उन्हाळा लागला. चंद्रपूरचा उन्हाळा मी वेगळा सांगायला नको. कनीज मॅडम सूक्ष्मदर्शक घेऊन सिरोंच्याकडे गेल्या होत्या. ऊर्जानगरला रंभाबाईंच्या भाच्याचं साक्षगंध होतं, तुमच्याकडचा साखरपुडा, आणि त्या कार्यालयातूनच परस्पर निघणार होत्या. बाहेर ऑटोवाला भोंगा वाजवत होता. त्यांनी घाईघाईने तोंड धुतलं आणि कपाळावरची टिकली पाण्याबरोबर मोरीत गेली. माझ्या उजव्या हाताला भिंतीवर आरसा आहे. त्या आरशात त्यांनी आपलं रिकामं कपाळ पाहिलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली. साध्या टिकल्यांच्या गर्दीत एकच खड्याची टिकली होती. साक्षगंधाला शोभेल अशी.

त्यांनी ती नखाने उचलली. कपाळावर लावली, आरशात पाहिलं, पदर नीट केला आणि जाता जाता मला म्हणाल्या, ‘‘उद्या लावून देईन बाप्पा. आठवण देजो.’’

मी आठवण देऊ? मी? मित्रांनो, माझ्यावर एवढ्या नद्या आहेत, एवढे डोंगर आहेत, पण तोंड कुठे छापलं आहे ते दाखवा!

दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी. आणि नेमका त्याच दिवशी वरून फोन आला की जंतांचा नकाशा आजच्या आज पाहिजे. तपासणीचे कागद कपाटात गठ्ठा बांधून होते. गठ्ठा सोडायचा, एकेक गाव शोधायचं, आकडे भरायचे, एवढं काम होतं. प्रफुलने गठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. लाल तिथे लाल, पिवळी तिथे पिवळी, टिकल्या पाहून त्याने भराभर रंग भरले. जिथे टिकली नव्हती तिथे काही भरलं नाही. भुरकीटोल्यावर टिकली नव्हती. कंप्युटरने शेजारची दोन मोठी गावं पाहिली, ती हिरवी होती, म्हणून भुरकीटोलाही हिरवा करून टाकला. प्रफुलने हात वर करून आळस दिला आणि चहा मागवला. तो चहा सांडला असता तरी बरं झालं असतं.

रंभाबाई कामावर आल्या त्या तीच टिकली लावून. दुपारी तोंड धुताना त्यांनी ती काढली आणि घरी लावतात तशी आरशाच्या कडेला चिकटवली. तेवढ्यात कुठल्याशा गावात बाळंतीण अडल्याचा फोन आला आणि त्या धावल्या. टिकली आरशावर राहिली. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी रोज ती पाहत होतो. लोक त्या आरशात भांग पाडत होते, मिशा पाहत होते आणि कोणाला काही दिसत नव्हतं. तुम्हाला कधी घरातली हरवलेली वस्तू दिसत असून सांगता आलं नाही, असं झालं आहे का? तसं ते होतं, फक्त इथे वस्तूबरोबर एक गाव हरवलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी गोळ्यांच्या गाड्या निघाल्या. रंभाबाईंना दुसऱ्याच भागाच्या गाडीत बसवलं होतं आणि भुरकीटोल्याला वेगळी गाडी गेली असेल, असं त्या धरून चालल्या. भुरकीटोल्याच्या रस्त्यावरून म्हणे धुरळा उडवत एक गाडी पलीकडच्या लाल गावाला गेली. थांबली नाही. मग मुखरूभाऊ एक दिवस कार्यालयात आले. रंभाबाई फिरतीवर होत्या. प्रफुलने त्यांच्याकडे कंप्युटरचा पडदा वळवला.

‘‘हे पाहा भाऊ, तुमचा गाव हिरवा हाये. धोका नाई. खुशी माना.’’

‘‘गाव हिरवा असन तुमच्या टीव्हीत,’’ मुखरूभाऊ म्हणाले, ‘‘पोरगी माही पिवळी पडून राह्यली ना!’’

‘‘मंग तिले दवाखान्यात दाखवा. गोळीची गाडी लाल गावातच जाते.’’

‘‘तुमच्याच बाईनं सांगतलं होतं, लाल हाये म्हणून. जबान देली होती.’’

‘‘कंप्युटर काय खोटा बोलते का भाऊ?’’

मुखरूभाऊ टोपी झटकून निघून गेले. त्यांनी एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं असतं तर! पण कंप्युटर समोर असला की माझ्याकडे कोण पाहतो? मला त्या प्रफुलच्या पाठीवर पडावंसं वाटलं. खिळा मजबूत होता.

रोवणा सुरू झाला आणि ऐन रोवण्यात रीता बांधीत चक्कर येऊन पडली. मुखरूभाऊ तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाले होते, पण ती वाटेत म्हणाली की आधी बाईंना भेटायचं आहे. ऑटोतून उतरवून तिला आत आणलं तेव्हा मी तिला ओळखलं नाही. ओठ कागदासारखे पांढरे झाले होते. ती माझ्यासमोरच्या बाकावर बसली आणि भिंतीला टेकली. त्या दिवशी कनीज मॅडमही होत्या आणि रंभाबाईही.

‘‘बाई,’’ रीता म्हणाली, ‘‘गाडी काऊन नाई आली?’’

रंभाबाई चकित झाल्या. ‘‘नाई आली? तुमचा गाव तर लाल हाये ना!’’

प्रफुल पडद्याकडे बोट दाखवत काहीतरी सांगू लागला. रीता त्याचं ऐकत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. ती उठली, कशीबशी माझ्यापाशी आली आणि मुंगीएवढ्या अक्षरांवर तिने बोट ठेवलं. बोट तिथे चिकटलं. टिकलीचा डिंक अजून माझ्या अंगावर होता.

‘‘माही टिकली कुठी गेली?’’

रंभाबाईंचा हात आपोआप कपाळाकडे गेला. मग त्या हळूच आरशाकडे वळल्या. कडेला ती टिकली होती, धूळ बसलेली, खडा अजून चमकत असलेली. त्यांनी ती नखाने उचलून रीतापुढे धरली. आणि त्या म्हणाल्या, ‘‘मी नेली वो पोरी. साक्षगंधाले लावली मी. तुह्या गावाचं कुंकू मीच पुसलं.’’

कनीज मॅडमनी गठ्ठा सोडून भुरकीटोल्याचा कागद काढला. आकडे होते तसेच होते. त्यांनी तो प्रफुलच्या पुढ्यात टाकला. ‘‘कागद होता ना तुझ्याजवळ? टिकल्या कशाला मोजत बसला?’’ प्रफुल मान खाली घालून होता. मला वाटलं होतं की त्याला बोलणी बसताना पाहून मला बरं वाटेल. वाटलं नाही. रीता बाकावर आडवी झाली होती.

रंभाबाई तिच्याबरोबर दवाखान्यात गेल्या आणि बरेच दिवस आल्याच नाहीत. मुसळधार पाऊस होता, मी भिंतीवर ओलसर होत होतो, आणि दार वाजलं की वाटायचं, आता काय ऐकायला मिळतं कोण जाणे. मला रीताची काळजी वाटत होती. तिने मला शोधलं होतं, म्हणजे माझ्यातलं तिचं गाव. एवढ्या वर्षांत माझ्याकडे पाहून तेवढ्या आनंदाने कोणी ओरडलं नव्हतं.

एका सकाळी रंभाबाई आल्या. उतरलेला चेहरा, कपाळ मोकळं. कनीज मॅडमनी नुसतं वर पाहिलं.

‘‘रक्त चढवलं. वाचली,’’ रंभाबाई म्हणाल्या. ‘‘डॉक्टर म्हणे, आणखी आठवडा गेला असता तर काई खरं नव्हतं.’’ आणि मग तोंडाला पदर लावून रडल्या.

त्याच दुपारी त्यांनी मला खाली उतरवलं, मांडीवर पसरलं आणि सुई-दोरा घेतला. एकेका टिकलीच्या जागी त्या त्या रंगाचा टाका घालत गेल्या. मित्रांनो, सुई टोचते. अयूबभाईंच्या मांजरपाटात ती सहज जात नाही, जोर लावावा लागतो. पण मी कुरकुर केली नाही. भुरकीटोला त्यांनी शेवटी ठेवला होता. सुईत दोरा ओवला आणि पुन्हा काढून ठेवला.

गोळ्यांची गाडी भुरकीटोल्याला गेली तेव्हा त्यांनी मलाही नेलं, स्वतःच्या मांडीवर ठेवून. प्रफुल गाडीत मागे खोकी धरून बसला होता. घराघरात गोळ्या वाटून झाल्यावर रंभाबाई मुखरूभाऊंच्या ओसरीवर बसल्या. रीता खाटेवर होती. गालांवर थोडा रंग परतला होता. रंभाबाईंनी मला तिच्यासमोर पसरलं, लाल दोरा ओवला आणि भुरकीटोल्यावर टाका घातला.

रीता पाहत होती. ‘‘हा धागा कवा काढान बाई?’’

‘‘तुमच्या शाळेतल्या डब्या साफ निंगतीन त्या दिवशी. इथीच येऊन काढीन.’’

रंभाबाईंनी मला उलटं केलं आणि गाठ मारायला दोरा आवळला. रीताने त्यांचा हात धरला.

‘‘मंग गाठ पक्की नोका मारू.’’

रंभाबाई थांबल्या. त्यांनी आवळलेला दोरा सोडला आणि सैल गाठ मारली. ती गाठ माझ्या पाठीवर आहे, भिंतीच्या बाजूला, कोणाला दिसत नाही अशी.

मित्रांनो, आता मी पुन्हा भिंतीवर आहे. मला गुंडाळायचं असेल तर हळू गुंडाळा. चहा पुसायला दुसरं फडकं घ्या. टिकली आरशाला लावा, मला नको. मी आजकाल वाऱ्याने फडफडतसुद्धा नाही, अंग आवरून असतो, कारण ती गाठ फार सैल आहे. ती अशीच सुटून पडता कामा नये. ती कोणीतरी येऊन, डब्या तपासून, आपल्या हाताने सोडवायची आहे.